१५ : ११ चे चित्र, १६ : ९ चा पडदा

चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याचे नाव निघाले की चित्रकार मंडळींना तिथले सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आठवते. समजा, तिथल्या एका विद्यार्थ्याने पाव इंपिरियल कागदावर, म्हणजे १५ इंच रुंद आणि ११ इंच उंच अशा कागदावर, खाडीवरचा सूर्यास्त रंगवला. त्याचा फोटो आपल्याला शाळेतल्या संगणकावर वॉलपेपर म्हणून लावायचा आहे. पडदा १९२० ठिपके रुंद व १०८० ठिपके उंच, म्हणजे १६ : ९ या प्रमाणातला. दोन गुणोत्तरे निराळी, त्यामुळे काहीतरी सोडावे लागणारच. एक तर आकार बिघडेल, नाहीतर काही भाग कापला जाईल, किंवा कडेला रिकामी जागा राहील. काय सोडायचे ते आपण ठरवले नाही, तर संगणक ठरवतो.

लिनक्सवरचा ‘फेह’ हा छोटा प्रोग्रॅम हा निर्णय आपल्याकडूनच मागून घेतो. टर्मिनलमध्ये रोमन लिपीत एफ-ई-एच ही अक्षरे, जागा सोडून दोन आडव्या रेघा, लगेच बी-जी, पुन्हा एक रेघ आणि तिला जोडून एक शब्द. मग जागा सोडून चित्राच्या फाइलचे नाव. सारे महत्त्व त्या एका शब्दाला आहे.

तो शब्द ‘स्केल’ असेल, तर चित्र ताणून चौकटीत बसवले जाते. १६/९ भागिले १५/११ म्हणजे सुमारे १.३. रुंदी उंचीच्या मानाने ३० टक्के वाढते आणि विद्यार्थ्याचा गोल सूर्य लंबगोल होतो. ‘फिल’ म्हटले तर सूर्य गोल राहतो, पण ११ इंच उंचीपैकी १५ × ९ ÷ १६, म्हणजे जेमतेम ८.४ इंच दिसतात. वरून व खालून मिळून अडीच इंचांहून जास्त चित्र जाते. तळाशी केलेली सहीही बहुधा त्यातच! ‘मॅक्स’ने चित्र पुरे दिसते, मात्र दोन्ही बाजूंना सुमारे २२४ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात. ‘सेंटर’ चित्र लहानमोठे न करता मधोमध ठेवते, ‘टाइल’ फरशांसारखे पुन्हापुन्हा मांडते. दुसऱ्याने काढलेले चित्र लावताना ‘मॅक्स’च वापरावे, असे मला वाटते.

ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये मात्र ‘स्केल्ड’चा अर्थ नेमका उलटा, म्हणजे प्रमाण राखून बसवणे, ताणण्याला तिथे ‘स्ट्रेच्ड’ म्हणतात. शब्दावर विसंबू नये, पडदा पाहावा.

काम होताच फेह बंद होतो, तरी चित्र राहते, कारण ते त्याने एक्स विंडो प्रणालीच्या स्वाधीन केलेले असते. सगळ्या खिडक्यांच्या मागे या प्रणालीची एक मूळ खिडकी असते, तिच्यावर ते चिकटते. ग्नोम त्या खिडकीवर स्वतःचे चित्र पसरतो, म्हणून तिथे फेहची आज्ञा वाया जाते. संगणक बंद केला की चित्रही जाते. पण शेवटची आज्ञा फेह एका लपलेल्या फाइलीत लिहून ठेवतो. सुरुवातीला ती फाइल चालवण्याची सोय केली की रोज टाइप करावे लागत नाही.

वर्गात पडताळा घेणे सोपे आहे. चौरस कागदावर कंपासने वर्तुळ काढून त्याचा कडेबरोबर कापलेला फोटो ‘स्केल’ने लावावा आणि पडद्यावर पट्टी ठेवून आडवा व उभा व्यास मोजावा. गुणोत्तर १.७८ च्या आसपास यायला हवे.