न शिवता काम करणारे हात

आपल्या वणीच्या भोवती कोळशाच्या खाणी आहेत आणि त्या खाणींतल्या कामगारांत आमचे आयुष्य गेले. शिक्षण म्हणाल तर वाचनालयातले. मग किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या रसायनशास्त्रावर आम्ही का बोलावे, असे कोणी विचारील. ज्या पदार्थाला शिवता येत नाही त्यावर माणूस काम कसे करतो, हा या शास्त्रातला मोठा प्रश्न आहे. आणि कामगाराचे हात हा तर आमचाच विषय आहे.

आरंभी ही जाणीव नव्हती. 1898 साली मेरी व पिएर क्यूरी यांनी पोलोनियम आणि रेडियम शोधून काढले. पुढे पडक्या शेडमध्ये खनिजाचे ढीग उकळून, ढवळून मेरीबाईंनी 1902 पर्यंत जेमतेम ग्रॅमचा दहावा हिस्सा रेडियमचा क्षार मिळवला. संरक्षण असे काहीच नव्हते. 1934 साली रक्ताच्या विकाराने त्या गेल्या. त्यांच्या टिपणवह्या आजही किरणोत्सारी आहेत.

आता आपल्या मुंबईकडे या. होमी सेठना हे तेथलेच रसायन-अभियंते. 1950 च्या दशकात केरळातील आळवे येथे मोनाझाइट वाळूवर प्रक्रिया करणारा कारखाना त्यांनी सांभाळला. मग तुर्भे येथे 1964 साली प्लुटोनियमचा कारखाना त्यांच्या नेतृत्वाखाली चालू झाला. बांधणी येथल्याच माणसांची होती.

तेथे काय चाले? अणुभट्टीत युरेनियमच्या काही अणुगर्भांत न्यूट्रॉन शिरतो आणि दोन पायऱ्यांनी त्याचे प्लुटोनियम होते. पण वापरलेल्या इंधनाच्या एका टनात ते किलोच्याही आत असते, आणि सोबत विभाजनातून निपजलेली जहाल मूलद्रव्ये असतात. म्हणून इंधनावरचे ॲल्युमिनियमचे कवच आधी कॉस्टिक सोड्यात विरघळवायचे, मग युरेनियम नत्राम्लात. या द्रावणात रॉकेलसारख्या तेलात मिसळलेले ट्रायब्युटिल फॉस्फेट घुसळले की युरेनियम व प्लुटोनियम तेलात जातात. जहाल द्रव्ये आम्लात राहतात. नंतर प्लुटोनियमची संयुजा चारावरून तीनवर आणली की ते तेल सोडून पुन्हा आम्लात उतरते. ताकावरून लोणी काढावे तसेच हे. फक्त रवी फिरवणारा जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे उभा असतो.

शुद्ध प्लुटोनियमचे किरण कागदानेही अडतात. पण त्याचा कण श्वासातून गेला तर फुफ्फुसात, हाडांत, यकृतात ठाण मांडतो. म्हणून काम बंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या लांब हातमोज्यांत हात घालून करायचे. पेटीतला दाब बाहेरच्याहून कमी ठेवतात. छिद्र पडलेच तर हवा आत जावी, बाहेर येऊ नये. छातीवर बिल्ला असतो आणि ज्याला जितका किरणोत्सार लागला तितका त्याच्या नावे नोंदला जातो.

येथल्याच प्लुटोनियमवर 1974 चा पोखरणचा स्फोट झाला. तो सर्वांना ठाऊक आहे. त्याच दशकात कारखाना बंद करून, किरणोत्सार धुऊन काढून, पुन्हा उभारावा लागला, हे थोड्यांना ठाऊक आहे. ते धुण्याचे काम यंत्राने एकट्याने झाले नाही. माणसे आत गेली, ठरलेली मिनिटे काम करून बाहेर आली, मग दुसरी गेली.

येथे आम्हांला आमचा एक सोबती आठवतो. एका खाणीत त्याने उमेद घालवली आणि शेवटी खोकल्याने त्याला नेले. किती धूळ त्याच्या छातीत गेली, याचा आकडा कोणत्याही वहीत नव्हता. वास्तविक खाणीतली धूळही मोजता येते, मोजण्याचे नियमही आहेत. क्यूरीबाईंच्या देहावरून जग जे शिकले ते तुर्भ्याच्या बिल्ल्यात उतरले. तेच खाणीच्या तोंडाशीही यायला हवे: ज्याच्या छातीत धूळ जाते, त्याला तिचा आकडा कळला पाहिजे. शास्त्राकडून आम्हां कामगारांना एवढे एक मागणे मागायचे आहे.