नानखटाईची आच
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

रमजानचे शेवटचे चार-पाच रोजे उरले, की आमच्या कराडच्या घरात फळीवरची मोठी परात खाली यायची. गोष्ट 1980 च्या आसपासची. अम्मी परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने फेसत बसायची. मी जायफळ किसायचो, बहीण वेलदोडे सोलायची. पीठ मळून झालं, की डबा घेऊन बेकरीत जायचं. तिथे लोखंडी पत्रे मिळत. त्यावर गोळे मांडायचे, नावाची चिठ्ठी लावायची आणि रांगेत थांबायचं. घरात ओव्हन कुणाकडेच नव्हता. भट्टी गावाची होती. ईदला आमचे पत्रे आत जात, दिवाळीला शेजारणींचे.

चांदाच्या हिशेबाने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. त्यामुळे 2004, 2005 आणि 2006 ही तिन्ही वर्षं ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आल्या. मी मुंबईहून सुट्टीला गावी गेलो होतो. भट्टीपुढे ही गर्दी! त्यात चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि आमच्या घरी चारोळी लावलेली कुणाची तरी नानखटाई आली. मी परत द्यायला निघालो, तर अम्मी म्हणाली, ‘‘राहू दे, खा. त्यांनीही एव्हाना आपली खाल्ली असेल.’’

अम्मी 2019 मध्ये गेली. तिची वाटी माझ्याकडे आली. माप सोपं आहे. एक वाटी घट्ट तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, दोन चमचे बेसन, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि जायफळ. मुंबईत आम्ही पीठ घरी मळायचो आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून भाजून आणायचो. पुढे जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. आमच्या बेकरीने विजेची भट्टी बसवली. धूर गेला, हे चांगलंच झालं. त्या धुरात उभं राहून आयुष्य काढलेल्या कारागिरांची छाती मी जवळून पाहिली आहे. पण नव्या भट्टीत घरगुती पत्र्यांना जागा उरली नाही.

मग त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या छोट्या ओव्हनमध्ये पहिला घाणा लावला. वाटी अम्मीची, माप अम्मीचं. दहा मिनिटांनी काचेतून पाहिलं, तर सोळा गोळ्यांचं मिळून एकच धिरडं झालेलं!

माझी भाची जर्मनीत शिकते. तिला फोनवर ही कहाणी सांगितली. ती म्हणाली, ‘‘मामू, ओव्हन आधी तापवला होता का? आणि तूप पातळ होतं का?’’ दोन्ही उत्तरं माझ्या विरोधात गेली.

तिचं म्हणणं समजून घ्यायचं, तर नानखटाई खुसखुशीत का होते, ते आधी पाहायला हवं. मैद्यात पाणी पडलं, की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून चिवट जाळं विणतात. त्याला ग्लुटेन म्हणतात. पोळी लाटता येते ती या जाळ्यामुळेच. नानखटाईत आपल्याला हे जाळं नको असतं. तुपाचा लेप पिठाच्या कणांवर बसला, की पाणी आत शिरत नाही आणि जाळं विणलं जात नाही. शिवाय तुपात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून पीठ एकत्र आलं, की हात थांबवायचा. कणकेसारखं तिंबायचं नाही. अम्मी परातीत वीस-वीस मिनिटं तूप फेसायची, त्यालाही कारण आहे. साखरेच्या बारीक कणांमुळे तुपात हवा धरली जाते. तीच हवा भट्टीत फुगते, सोड्यातून निघणारा वायू तिला मदत करतो आणि गोळ्याला वरून भेगा पडतात. तूप वितळलेलं असेल, तर त्यात हवा टिकत नाही. माझं तूप मुंबईच्या ऑक्टोबरातलं होतं. ते पातळच होतं.

भाची तिकडे नाताळाआधी मैत्रिणींबरोबर एक बिस्किट करते. त्याचं नाव श्प्रित्सगेबेक. श्प्रित्सन म्हणजे पिचकारीसारखं दाबून बाहेर काढणं. लोणी, साखर, मैदा आणि बहुधा एखादं अंडं यांचं मऊ पीठ साच्यात भरायचं आणि पत्र्यावर दाबून फुलं, चांदण्या, कड्या काढायच्या. तो साचा म्हणजे आपला चकलीचा सोऱ्याच! हे बिस्किट नानखटाईचं लांबचं भावंड, पण स्वभाव उलटा. नानखटाईला फुलू द्यायचं असतं, भेगा पडू द्यायच्या असतात. श्प्रित्सगेबेकची नक्षी मोडता कामा नये. म्हणून त्यात सोडा सहसा घालत नाहीत. पत्र्याला तूपही लावत नाहीत, कारण कोरड्या पत्र्याला पीठ चिकटलं, तरच साचा उचलताना ते मागे राहतं. पीठ फार गार झालं, तर सोऱ्यातून उतरत नाही. फार सैल झालं, तर नक्षी पसरते.

दोघांचा शत्रू मात्र एकच, मंद सुरुवात. ओव्हन गार असला, तर तूप किंवा लोणी आधी वितळून वाहू लागतं आणि पीठ घट्ट बसायला वेळ लावतं. तापलेल्या ओव्हनमध्ये कडा लवकर बसतात आणि पसरणं थांबतं. लाकडाच्या भट्टीत हा प्रश्नच नव्हता. तिच्या जाड विटा रात्रभर तापलेल्या असत. कडक आचेवर पाव निघत आणि मग उतरत्या आचेवर नानखटाई जाई. अम्मीच्या मापात आच लिहिलेली नव्हती, कारण ती भट्टीवाल्या चाचांच्या हातात होती. ते भट्टीच्या तोंडाशी हात धरून थांबत आणि मग म्हणत, ‘‘आता आणा.’’

आता ते मलाच ठरवावं लागतं. तूप थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून, घट्ट झालं की फेसायचं. गोळे वळून पत्र्यासकट अर्धा तास पुन्हा फ्रीजमध्ये. ओव्हन पंधरा मिनिटं आधी 170 अंशांवर तापवायचा. दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर. अठरा ते वीस मिनिटांत बूड बदामी होतं, वरचा भाग फिकटच राहतो. बाहेर काढल्यावर नानखटाई मऊ लागते. ती कच्ची समजून परत आत ढकलू नका. गार होताना तूप आळतं आणि मग ती खुसखुशीत होते. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव निराळा, म्हणून पहिल्या घाण्यात चारच गोळे लावून पाहावेत.

दुसरा घाणा जमला. त्याचा वास जिन्यात गेला असावा, कारण शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांचंही पीठ मळून तयार होतं आणि त्यांचीही कोपऱ्यावरची भट्टी गेलेली होती. ‘‘एक ताट लावून द्याल का?’’ त्यांनी जरा संकोचाने विचारलं. त्या संध्याकाळी आमच्या ओव्हनमध्ये सोळा-सोळाचे पाच घाणे झाले. तीन आमचे, दोन त्यांचे. ओव्हन तापलेला होताच.

शेवटी डबे भरताना कुठली नानखटाई कुणाची, यावर आमचा दोघांचा गोंधळ झाला. चिठ्ठी लावायची राहूनच गेली होती. मी काकूंना म्हटलं, ‘‘राहू द्या, खा.’’