आठ तासांची परीक्षा

लिंबायतीत मागांच्या खडखडाटात मुले अभ्यास करतात, हे आम्हांस नवे नाही. परंतु शेजारच्या तरुणाची तयारी पाहून आम्ही चकित झालो. सिस्को कंपनीची बिनतारी जाळ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावयास तो बंगळूरास जाणार आहे. 2020 सालच्या मांडणीप्रमाणे आधी तीन तास आराखडा. तेव्हा यंत्रास स्पर्श नाही, मागील प्रश्नाकडे परतणे नाही. पुढे पाच तास जोडणी व दोषशोध. हे ऐकून वडील उद्गारले, "आठच तास? आमची पाळी बाराची!"

त्याने दोन जुने ॲक्सेस पॉइंट आणले आहेत. दोन्ही एकाच वाहिनीवर ठेवले की एकास दुसऱ्यासाठी थांबावे लागते. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच : 1, 6 व 11. इथे तर घरोघरी राउटर, वर पत्रे लहरी परतवणारे! असा गोंधळ सरावाला विकत मिळायचा नाही, असे तो हसून म्हणतो.

शुल्क मात्र एका खेपेपुरतेच जमले आहे. नापास झाल्यास ते पुन्हा भरावे लागते. आईने गळका पत्रा बदलणे पुढील पावसाळ्यावर ढकलले आहे.