तुंबा-डायनामो
सायकलीच्या पुढच्या चाकाच्या तुंब्यात बसविलेल्या लहान विद्युत् जनित्रास तुंबा-डायनामो म्हणतात. स्टर्मी-आर्चर या ब्रिटिश कंपनीने १९३० नंतरच्या दशकात ‘डायनोहब’ नावाने असे जनित्र प्रचारात आणले. यात चाकाबरोबर चिरचुंबक फिरतो व आसाशी जखडलेल्या वेटोळ्यात प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो. टायरला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनामो चिखलात घसरतो. तुंब्यात हा दोष नसतो. म्हणून खडीच्या व कच्च्या वाटांवरील ‘ग्रॅव्हल’ सायकलीस तो विशेष सोयीचा असतो.

निवड करताना आस, चकती-ब्रेकची बैठक व आऱ्यांची संख्या सायकलीशी जुळते की नाही, हे प्रथम पाहतात. पुष्कळ ग्रॅव्हल सायकलींच्या पुढच्या चिमट्यात १२ मिमी. व्यासाचा आरपार आस असतो. प्रमाणित तुंबा ताशी सुमारे १५ किमी. वेगास ६ व्होल्ट दाबाने ३ वॉट शक्ती देतो. वेग मंदावताच शक्ती घटते. खडबडीत चढावर, म्हणजे प्रकाशाची निकड असतानाच, दिवा लुकलुकतो. कमी शक्तीचे तुंबे हलके असले, तरी मंद वेगास त्यांचा प्रकाश अधिकच अपुरा पडतो. त्यामुळे अशा वाटांसाठी ३ वॉटचा तुंबा व रुंद झोताचा एलईडी दिवा अशी जोडी श्रेयस्कर होय. धारित्र असलेला दिवा सायकल थांबल्यावरही काही मिनिटे मंद तेवतो व मागून येणाऱ्या वाहनास सायकलस्वार दिसतो. झोताची वरची कड स्पष्ट कापलेली असल्यास समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. दुरुस्तीसाठी मात्र विजेरी जवळ बाळगणे इष्ट असते.