घर उभं राहताना, भाग ९ : गिलाव्याची तीन पाणी

वीटकाम गेल्या आठवड्यात संपलं. आता मालकाला घाई झालेली असते ती प्लास्टरची, कारण त्याशिवाय घराला घरपण येत नाही. भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसली की स्वारी खूश! पण गिलावा टिकणार की नाही, हे त्या चकाकीवरून कळत नाही. ते बहुतेक पाण्यावर ठरतं.

पहिलं पाणी भिंतीचं. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट तहानलेलंच राहतं. म्हणून विटांची भिंत आधी भिजवायची, पण पाणी निथळत असताना माल लावायचा नाही. एएसी ब्लॉकला नुसता शिपका पुरतो. काँक्रीटचे कॉलम-बीम गुळगुळीत, माल धरत नाहीत. त्यांना छिन्नीने टाचे मारून घ्यायचे. वीट आणि काँक्रीट मिळतात त्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकायची. उन्हाने दोन्ही सारखं फुगत नाहीत, त्यामुळे जाळी वाचवली की त्याच रेषेत भेग हमखास येते.

दुसरं पाणी मालातलं. आतल्या भिंतींना साधारण १:६, छताला आणि बाहेरून १:४ असं सिमेंट-वाळूचं प्रमाण धरतात. ‘सिमेंटचा हात जरा सैल सोडा,’ असं मालक मोठ्या मनाने सांगतो, पण सिमेंट वाढलं की माल वाळताना जास्त आकसतो आणि भिंतीवर जाळ्यासारख्या बारीक भेगा उठतात. खरी गंमत दुपारी बघावी. जेवणाआधी कालवलेला माल घमेल्यात घट्ट झालेला असतो. बिगारी त्यात तांब्याभर पाणी ओततो, थापीने मळतो, माल पुन्हा लोण्यासारखा होतो आणि भिंतीवर चढतो. तोवर सिमेंट धरायला लागलेलं असतं. ती धरलेली गाठ मोडली की पुन्हा तशी बसत नाही. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवायचा.

लावण्याचं कसब मात्र बघत राहावं असं. ओळंब्यात टाइलचे तुकडे चिकटवून जाडी ठरवतात, साधारण १२ मिलिमीटर. थापीने माल फटकारायचा, पट्टी खालून वर नागमोडी ओढायची, खड्डे भरायचे, मग रंधा. बाहेरचा गिलावा २० मिलिमीटरपर्यंत जातो आणि तो दोन थरांत करतात. पट्टीनंतर माल जरा ओढायची वाट बघावी लागते. ज्याला धीर नाही तो वर सुकं सिमेंट भुरभुरवतो. पाणी लगेच टिपलं जातं, रंधा सुरेख फिरतो आणि वरचा पापुद्रा पुढे तडकतो. असं करताना दिसलं तर तिथेच हटकावं.

तिसरं पाणी सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याला वाली नाही. निदान सात दिवस भिंत ओली राहिली पाहिजे. एवढासा थर, मागून वीट शोषते, पुढून ऊन. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत तासाभरात पांढरी पडते, तिथे सकाळ-संध्याकाळच्या पाण्याने भागत नाही, गोणपाट लटकवावं लागतं. पण गवंड्याला पैसे ब्रासवर, म्हणजे शंभर चौरस फुटांवर मिळतात. भिंत मापात बसली की त्याचा हिशोब पुरा. तो पुढच्या खोलीत जातो. पाणी मारणं ना त्याच्या मापात, ना ठेकेदाराच्या बिलात. मग ते वॉचमनच्या गळ्यात पडतं, आणि वरच्या मजल्यावर नळी पोचली नाही की तिथे कोणी फिरकतच नाही. माझं स्पष्ट मत आहे : करारात पाण्याची वेगळी ओळ घालावी, त्याचे वेगळे पैसे द्यावेत.

शेवटचा हप्ता देण्याआधी रुपयाचं नाणं घेऊन भिंतीवर ठिकठिकाणी वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर गिलाव्याने तिथे विटेला सोडलंय. खडूने तेवढा चौकोन आखायचा, फोडायचा, भिजवून पुन्हा भरायचा. हे सगळं रंगारी यायच्या आत, कारण एकदा पुट्टी चढली की जागा डोळ्यांना सापडत नाही आणि गवंडी फोन उचलत नाही.