हिशेबाच्या चकत्या

घरी आलेले पाहुणे माझ्या संग्रहातली चांदीची नाणी कौतुकाने बघतात, पण प्रश्न विचारतात ते एका पितळी चकतीबद्दल. आकाराने साधारण आपल्या रुपयाएवढी, जाडीला मात्र पत्र्यासारखी. मधोमध गुलाब, त्याभोवती आलटूनपालटून तीन मुकुट आणि तीन लिलीची फुलं. मागच्या बाजूला तीन कमानींच्या चौकटीत सम्राटाच्या हातात असतो तसा, वर क्रूस असलेला गोल.

“कुठल्या राजाचं नाणं?”

राजाचं नाही आणि नाणंही नाही. कडेची अक्षरं ‘हान्स क्राउविंकेल, न्यूरेंबर्ग’ असं सांगतात, आणि ते कारागिराचं नाव आहे. दुसऱ्या बाजूला ‘देवाच्या आशीर्वादाने संपत्ती येते’ अशा अर्थाचं जर्मन वाक्य. काही चकत्यांवर तर ‘आज टवटवीत, उद्या मेलेला’! या चकतीला बाजारात भाजीची जुडीही मिळाली नसती. जर्मनमध्ये तिला रेखनफेनिग म्हणतात, म्हणजे हिशेबाचा पैसा. इंग्रज संग्राहक जेटन म्हणतात.

सोळाव्या शतकातला युरोपीय व्यापारी हिशेब मांडायचा तो टेबलावर आखलेल्या रेघांवर. सगळ्यात खालची रेघ एककाची, वरची दहाची, मग शंभराची, मग हजाराची. दोन रेघांमधल्या जागेत ठेवलेली चकती पाच, पन्नास किंवा पाचशेची. 1587 मांडायचे तर हजाराच्या रेघेवर एक, पाचशेच्या जागेत एक, शंभराची रेघ रिकामी, पन्नासच्या जागेत एक, दहाच्या रेघेवर तीन, पाचच्या जागेत एक आणि एककावर दोन. नऊ चकत्यांत काम झालं. बेरीज म्हणजे दुसरी रक्कम तिथेच मांडायची. रेघेवर पाच चकत्या जमल्या की त्या उचलून वरच्या जागेत एक ठेवायची. मी हे जेवणाच्या टेबलावर खडूने आखून करून बघितलंय. दहा मिनिटांत हात बसतो.

यात शून्य लिहावं लागत नाही. रेघ आणि तिच्या वरची जागा दोन्ही रिकामी, हेच शून्य. आपल्याकडून अरबांमार्फत युरोपात गेलेले अंक तोवर तिथे माहीत झाले होते, पण पेढीवर त्यांना सहज थारा मिळाला नाही. 1503च्या ‘मार्गारिटा फिलॉसॉफिका’ या ग्रंथातल्या चित्रात दोन गणिती समोरासमोर बसलेत. अंक लिहिणारा बोएथियस खुशीत, चकत्या सरकवणारा पायथागोरस कष्टी. दोघांचाही या भांडणाशी काही संबंध नव्हता, आणि अंक ज्यांचे ते चित्रात कुठेच नाहीत! आडाम रीझ या हिशेबनिसाने 1518च्या पुस्तकात रेघांवरचं गणित शिकवलं, 1522च्या पुस्तकात रेघा आणि लेखणी दोन्ही. उत्तर बरोबर आहे असं ठासून सांगताना जर्मन लोक आजही त्याचं नाव घेतात.

नव्या संग्राहकाला मी चांदीपेक्षा आधी जेटन घ्यायला सांगतो. न्यूरेंबर्गने ते अमाप बनवले, इंग्लंडपर्यंत पाठवले, त्यामुळे तिथल्या शेतांत आजही निघतात. चांदीत उतरायचंच तर पहिल्या एलिझाबेथचं सहा पेन्स बघावं. 1561पासून त्यावर राणीच्या डोक्यामागे गुलाब आला आणि सालही. त्याच सुमाराच्या चार पेन्सवर गुलाब नाही. वाचता न येणाऱ्यालाही नाणं ओळखता यायचं. शिवराई जमवणाऱ्यांना हातोड्याच्या ठशाची सवय असतेच: चित्र एका बाजूला सरकलेलं, अर्धी अक्षरं बाहेर. तो दोष धरू नये. कातरलेली कड मात्र तपासावी. चांदी चोरायचा तो जुना धंदा. ओतीव नक्कल असेल तर कडेला सांध्याची रेघ सापडते आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात.

आणि घासू नये. हे मी अनुभवाने सांगतो. पहिला जेटन घरी आला ते दिवाळीचे दिवस. समया-तांब्यांबरोबर मी त्यालाही चिंच लावली. साडेचारशे वर्षांचा तपकिरी मुलामा दहा मिनिटांत उतरला आणि हाती आली लखलखीत, निर्जीव चकती. संग्राहकाच्या लेखी तिची किंमत संपली.

लेखणी जिंकल्यावर न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी पत्त्यांच्या डावात मांडायच्या चकत्या काढायला सुरुवात केली. माझी ती घासलेली चकती आता नातीच्या व्यापाराच्या डब्यात आहे, हरवलेल्या सोंगटीच्या जागी.