ओट्यावरचा धडा, बांधावरचा हिशेब

चौथीपर्यंत बेरीज-वजाबाकी भराभर करणारे मूल सहावी-सातवीत गेले की एकाएकी गणिताला घाबरू लागते, असा अनुभव पुष्कळ घरांत येतो. शेकडेवारी, गुणोत्तर, सरळव्याज, क्षेत्रफळ हे धडे आले की वही मिटते. आईवडील म्हणतात, ‘आमचं शिक्षण तेवढं नाही, आम्ही काय सांगणार?’ मूल म्हणते, ‘याचा शेतात काय उपयोग?’ या दोन वाक्यांपाशी कित्येकांचे गणित कायमचे सुटते. खरे पाहता शेतीचा बराचसा हिशेब सहावी ते आठवीच्या याच धड्यांत आहे. आणि हे धडे पक्के करण्याचा बिनखर्चाचा उपाय म्हणजे मुलांनी ते एकमेकांना समजावून देणे.

शिकवणारा दुप्पट शिकतो

मोठ्या मुलाने लहानाला शिकवावे, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. पंतोजींच्या शाळेत एक मुलगा पावकी, निमकी मोठ्याने म्हणे आणि बाकीची मुले त्याच्यामागे घोकत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत असलेल्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने तिथल्या देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. मुलांकडून मुलांना शिकवण्याचा प्रयोग त्याने स्वतःच्या शाळेत केला आणि १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे ही पद्धत इंग्लंडभर गेली.

मात्र नुसते घोकणे म्हणजे समजणे नव्हे. उत्तर काढता येणारे मूलही ‘इथे भागायचे का?’ असे विचारल्यावर अडखळते. शेजारच्या मुलाला सांगताना त्याला हे कारण शोधावेच लागते. म्हणून आठवीतल्या मुलाने सहावीतल्याला वेळ दिला, तर त्याचा अभ्यास बुडत नाही, उलट पक्का होतो.

पोत्यावरची शेकडेवारी

आता हे धडे शेतात कुठे भेटतात ते पाहू. डीएपीच्या पोत्यावर १८:४६ असे आकडे असतात. म्हणजे १०० किलो खतात १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद. तेव्हा ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळते. समजा, पिकाला एकरी ४० किलो नत्र द्यायचे आहे आणि डीएपीचे एक पोते टाकले आहे. राहिले ३१ किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून ३१ ला ४६ ने भागून १०० ने गुणले की सुमारे ६७ किलो युरिया येतो. हल्लीच्या ४५ किलोच्या पोत्याने हे दीड पोते झाले. शेजाऱ्याने तीन पोती टाकली म्हणून आपणही टाकली, तर पैसा जातो, पीक माजते आणि कीडही वाढते.

औषधाचेही तसेच. लिटरला २ मिली असे प्रमाण असेल, तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. झाकणाच्या अंदाजाने औषध ओतण्यापेक्षा हे त्रैराशिक मुलाकडून करून घ्यावे. औषध मोजण्याचे काम मात्र मोठ्या माणसानेच करावे.

वाकड्या शेताचे माप

३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. पण शेताचे तुकडे क्वचितच चौरस असतात. अशा वेळी पुष्कळ जण समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. वाकड्या तुकड्यात ही रीत क्षेत्र नेहमी जास्तच दाखवते.

एका तुकड्याच्या बाजू ओळीने ११९, १६५, १४८ आणि ९३ फूट आहेत असे धरा. सरासरीने जवळजवळ १५.८ गुंठे येतात. आता आठवीच्या रीतीने मोजा. पहिल्या दोन बाजू जिथे सुरू होतात आणि जिथे संपतात, ते दोन कोपरे दोरीने जोडा. हा कर्ण १९८ फूट भरेल. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून कर्णावर गुण्या लावून लंब मोजा. ते ९९ आणि ६६ फूट भरतील. लंबांची बेरीज १६५. तिला १९८ ने गुणून निम्मे केले की १६,३३५ चौरस फूट, म्हणजे बरोबर १५ गुंठे. नांगरट किंवा काढणी उक्ती दिली असेल, तर पाऊण गुंठ्याहून अधिक जागेचे पैसे फुकट गेले असते.

‘शेकडा तीन’ म्हणजे किती?

‘शेकडा तीन’ हे ऐकायला थोडे वाटते. पण हे व्याज महिन्याचे असते. वर्षाचे ते ३६ टक्के झाले. १०,००० रुपयांवर वर्षाला ३,६०० रुपये नुसते व्याज. कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी घरातल्या सातवीच्या मुलीला हा आकडा काढायला सांगावा.

मुलीला, हे मुद्दाम म्हटले आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे सुमारे इ. स. ११५० मध्ये, कित्येक उदाहरणे मुलीलाच उद्देशून घातली आहेत. आणि आपण तिला पाणी-भांड्यांत गुंतवून हिशेबाची वही मुलाच्या हाती द्यावी, हे शोभत नाही.

घरच्यांनी काय करावे?

दिवेलागणीनंतर शेजारची चार-पाच मुले-मुली ओट्यावर बसवावीत. समजावणाऱ्याने पेन्सिल हाती धरू नये. उदाहरण ऐकणाऱ्यानेच सोडवावे. दोघांची उत्तरे वेगळी आली तर खोडू नयेत, शेजारी शेजारी ठेवून चूक कुठे झाली ते शोधावे. जे अडेल ते दुसऱ्या दिवशी गुरुजींना किंवा बाईंना विचारावे. कोणाला ‘ढ’ म्हणू नये.

मातापित्यांना गणित येत नसले तरी बिघडत नाही. खताचे रिकामे पोते, दुधाची वही, सोसायटीची पावती आणि मोजपट्टी मुलांसमोर ठेवावी, आणि एकच प्रश्न विचारावा: ‘हे कसं काढलंस, मला सांग.’ आईला समजेपर्यंत सांगता आले, म्हणजे तो धडा मुलाला आला असे खुशाल समजावे. येत्या रविवारी एका तुकड्याची मोजणी मुलांवर सोपवून तर पाहा.